विस्मृतीची परीक्षा आणि परीक्षकाची भाषा

साहित्यसमीक्षा म्हटली की कथा, कादंबरी, काव्य आणि नाटक यांचाच विचार आपल्या मनात येतो. रुग्णालयातील एखादा छापील कागद समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणी मानत नाही. परंतु त्या कागदालाही लेखक असतो, त्याची स्वतःची भाषा असते आणि त्या लेखकाने मनाशी एक वाचक गृहीत धरलेला असतो. गृहीत धरलेला वाचक एक आणि प्रत्यक्ष समोर येऊन बसलेला माणूस दुसराच, असे झाले म्हणजे काय घडते, हा प्रश्न जितका वाङ्मयाचा तितकाच न्यायाचाही आहे. प्रस्तुत लेखात अशा तीन लिखाणांचा परामर्श घ्यावयाचा आहे. त्यांपैकी दोन वैद्यकीय प्रश्नावल्या आहेत आणि तिसरा एका परिचारिकेचा प्रबंध आहे. ही तिन्ही एकत्र वाचली म्हणजे एक मोठा विषय उलगडू लागतो. जगातील मूलनिवासी समाजांतील वृद्धांना स्मृतिभ्रंश झाला असता त्यांची शुश्रूषा कशी व्हावी, आणि ती नीट झाली की नाही हे कोणी ठरवावे, हा तो विषय होय.

स्मृतिभ्रंशाची ओळख आपल्या घराघरांतून आहे. त्याचे नाव मात्र आपल्याला उशिरा कळले. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. मेंदूतील पेशींचा हळूहळू नाश होत गेल्याने किंवा मेंदूचा रक्तपुरवठा पुन्हा पुन्हा खंडित झाल्याने स्मरण, भाषा, दिशांचे भान आणि निर्णयशक्ती क्षीण होत जातात, आणि अखेरीस रोजची साधी कामेही माणसाला एकट्याने जमेनाशी होतात. अल्झायमरचा आजार हे त्याचे सर्वांत परिचित कारण. आपल्या बोलीत या अवस्थेला 'म्हातारचळ' म्हणून हिणवले गेले, 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेले गेले. हा चळ नसून आजार आहे, हे एकदा कळले की घरातील माणसांचा राग ओसरतो, आजाऱ्याची कुचेष्टा थांबते आणि काळजी घेण्याची रीत बदलते. म्हणून निदान हवे, आणि निदानासाठी परीक्षाही हवी. ती परीक्षा कोणाच्या भाषेत घ्यावयाची, एवढाच वाद आहे.

यातील पहिली प्रश्नावली १९७५ साली प्रसिद्ध झाली. मार्शल फोल्स्टाइन, सुसान फोल्स्टाइन आणि पॉल मॅक्ह्यू या तीन अमेरिकन डॉक्टरांनी ती रचली. 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' हे तिचे नाव, आणि आज जगभरातील डॉक्टरांना ती परिचित आहे. एकूण गुण ३०. वेळ सुमारे दहा मिनिटे. आज कोणते वर्ष, कोणता ऋतू, कोणता महिना, तारीख कोणती, वार कोणता, येथून आरंभ होतो. मग राज्य, जिल्हा, गाव, रुग्णालय आणि इमारतीचा मजला. तीन वस्तूंची नावे ऐकून लगेच म्हणावयाची आणि थोड्या वेळाने पुन्हा आठवावयाची. शंभरातून सात, उरलेल्यातून पुन्हा सात, अशी उतरती वजाबाकी करावयाची, किंवा एका इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगावयाची. घड्याळ आणि पेन्सिल ओळखावयाची. कागद हातात घेऊन त्याची घडी घालून खाली ठेवावयाची. छापलेली आज्ञा वाचून तसे करावयाचे, एक वाक्य मनाने लिहावयाचे आणि शेवटी एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती उतरवून दाखवावयाची.

लिखाण म्हणून पाहिले तर ही प्रश्नावली मोठी रेखीव आहे. एकही शब्द वावगा नाही, आणि थोडक्या जागेत मनाचे इतके कप्पे चाचपणारी दुसरी रचना सापडणे कठीण. पण तिने गृहीत धरलेला माणूस कोण? तो शाळेत गेलेला आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याचा दिवस चालतो. तो मजले असलेल्या इमारतीत वावरतो, त्याला आकडेमोडीची सवय आहे, हातात पेन्सिल धरण्याचा सराव आहे. अनोळखी माणसाने एकामागून एक प्रश्न विचारले असता मुकाट्याने उत्तरे देणे हे त्याला वावगे वाटत नाही, कारण शाळेत त्याने तेच केले आहे. हा दोष रचनाकारांचा आहे असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांसाठी एक साधन तयार केले. एका ठिकाणचा माप पुढे साऱ्या मानवजातीचा माप मानला गेला, दोष असेल तर तेथे आहे.

हा माप आपल्या देशात आला तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. हरियाणातील बल्लभगड परिसरात ग्रामीण वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाचा शोध घेण्याचे भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी ठरविले. तेथील बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते. तेव्हा मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रश्नावलीचे केवळ भाषांतर न करता तिची नवी घडण केली आणि १९९५ साली हिंदी रूप प्रसिद्ध केले. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन वजा करावयाचे आले. आज्ञा वाचण्याऐवजी परीक्षकाने डोळे मिटून दाखवावयाचे आणि समोरच्याने तसेच करावयाचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी तोंडाने सांगावयाचे. ज्यांनी कोणी भाषांतराचे काम केले असेल त्यांना या बदलांचे मोल तत्काळ उमगेल. शब्दाला शब्द देऊन मूळचा अर्थ पोहोचत नाही, प्रसंगी शब्द सोडावा लागतो.

तथापि बल्लभगडच्या वृद्धाला आणि त्याच्या परीक्षकाला निदान एक भाषा आणि एक देश समान होता. जेथे तेवढेही समान नाही, आणि जेथे परीक्षकाचा समाज व परीक्षार्थीचा समाज यांच्यामध्ये बळजबरीचा इतिहास उभा आहे, तेथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नावलीचा जन्म अशाच ठिकाणी झाला.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात किम्बर्ली नावाचा प्रदेश आहे. विस्ताराने तो महाराष्ट्राहून मोठा. लोकवस्ती मात्र आपल्याकडील एखाद्या तालुक्याइतकीही नाही. ब्रूम, डर्बी, फिट्झरॉय क्रॉसिंग अशी तुरळक गावे, आणि दूरदूर विखुरलेल्या ॲबोरिजिनल वस्त्या. येथील अनेक वृद्धांची इंग्रजी ही पहिली भाषा नव्हे. त्यांच्यातील पुष्कळांचे आयुष्य गुरांच्या मोठमोठ्या कुरणांवर राबण्यात गेले. शाळेचे तोंडही अनेकांनी पाहिले नाही. वर्षाचे चार ऋतू हा युरोपचा हिशोब. येथे पावसाळा आणि कोरडा काळ हीच मोठी विभागणी. अशा वृद्धाला इमारतीचा मजला आणि शंभरातून सात विचारले, तर गुणपत्रिकेवर शून्य पडणारच. त्यातून दोन प्रकारचे अन्याय संभवतात. एक म्हणजे शहाण्या माणसावर आजाराचा शिक्का बसतो. दुसरा सहसा ध्यानात येत नाही. येथे ही परीक्षा चालत नाही असे म्हणून परीक्षक ती गुंडाळून ठेवतो, आणि जो खरोखर आजारी आहे त्याचे निदान कधीच होत नाही.

डिना लोज्युडिचे, केट स्मिथ, लिऑन फ्लिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किम्बर्लीतील लोकांशी आणि तेथील आरोग्यसेवकांशी विचारविनिमय करून एक निराळी प्रश्नावली घडविली व २००६ साली ती प्रसिद्ध झाली. 'किम्बर्ली इंडिजिनस कॉग्निटिव्ह असेसमेंट' हे तिचे पूर्ण नाव, संक्षेपाने 'किका'. तिचे एकूण गुण ३९, आणि ३३ किंवा त्याहून कमी गुण पडल्यास स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावयाची. हा आठवडा निवृत्तिवेतन मिळण्याचा आहे काय, असा तिच्यात एक प्रश्न आहे. तारखेचे भान तपासण्याचा हा मार्ग मला मोठा मार्मिक वाटतो. ज्या वस्तीत पैसा ठरावीक आठवड्याला येतो, तेथे सारे घर त्या दिवसावर डोळा ठेवून असते. कालगणना तेथेही आहे, मात्र तिचा आधार निराळा आहे. पुढे कंगवा, पेला आणि काड्यापेटी या वस्तू दाखवून त्यांची नावे व उपयोग विचारतात, मग त्या लपवून ठेवतात आणि कोठे ठेवल्या ते थोड्या वेळाने विचारतात. लोक कोणकोणत्या प्राण्यांची शिकार करतात त्यांची नावे एका मिनिटात सांगावयाची असतात. चित्रांत मुलगा आहे, एमू पक्षी आहे, मगर आहे, सायकल आहे. बाटली उघडून पेल्यात पाणी ओतून दाखवावयाचे असते. शिवाय घरच्या माणसांनाही स्वतंत्रपणे विचारणा होते, कारण वृद्धाच्या वागण्यातील बदल प्रथम त्यांनाच दिसतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. प्रत्येक समाजासाठी वेगळी परीक्षा केली तर शास्त्राची कसोटी सैल होणार नाही काय? मूलनिवासी म्हणून त्यांना सोपे प्रश्न दिले, असे होणार नाही काय? या आक्षेपाला 'किका'च्या निष्कर्षांनीच उत्तर दिले आहे. तिच्या साहाय्याने किम्बर्लीतील ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या ३६३ व्यक्तींची पाहणी झाली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियाच्या सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणाच्या तुलनेत हे सुमारे पाचपट होते. परीक्षा त्यांच्या भाषेत घेतली म्हणून आजार झाकला गेला नाही. उलट तो प्रथमच नीट दिसला. ऐकणाऱ्याच्या ओळखीचे शब्द वापरणे म्हणजे सत्याला सवलत देणे, असे मानणाऱ्यांनी या आकड्यांवर विचार करावा.

असे असले तरी 'किका'ची स्तुती करून थांबणे समीक्षकाला शोभणारे नाही. तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती दूरच्या वस्त्यांसाठी घडली. ॲबोरिजिनल लोकांचा मोठा भाग आज शहरांत आणि लहानमोठ्या नगरांत राहतो, आणि त्यांच्यातील पुष्कळांनी ना शिकार केली, ना कुरणात गुरे राखली. त्यांच्यापुढे तीच चित्रे जशीच्या तशी ठेवली, तर एका साच्याच्या जागी दुसरा साचा येतो, एवढेच. म्हणूनच पुढे निरनिराळ्या भागांसाठी तिची रूपे बदलून घ्यावी लागली. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. प्रश्नावली कितीही चांगली असली तरी ती दारापर्यंतच सोबत करते. निदान झाल्यानंतर तो वृद्ध ज्या घरात, ज्या खाटेवर, ज्यांच्या हाती सोपविला जातो, तेथे काय घडते यावर तिची सत्ता नाही. त्यासाठी आपल्याला तिसऱ्या लिखाणाकडे वळावे लागते.

न्यूझीलंडमधील इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिका होत्या. 'सांस्कृतिक सुरक्षितता' ही कल्पना परिचर्येच्या शिक्षणात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. १९८८ साली माओरी परिचारिकांच्या एका मेळाव्यात पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रश्न केला. तुम्ही कायद्याच्या दृष्टीने सुरक्षितता शिकविता, नीतीच्या दृष्टीने शिकविता, उपचाराच्या दृष्टीने शिकविता. मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. तेथून हा शब्द निघाला. १९९२ साली न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने तो अभ्यासक्रमात आणला. पुढील तीन वर्षांत वृत्तपत्रांतून त्याविरुद्ध मोठा गदारोळ उठला, संसदीय समितीपर्यंत प्रकरण गेले, आणि १९९६ साली सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे आली. कल्पना मात्र टिकून राहिली. २००२ साली वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात रॅम्सडेन यांनी हा सारा प्रवास मांडला. २००३ साली त्यांचे निधन झाले.

त्या प्रबंधात स्मृतिभ्रंशाचा विचार मध्यवर्ती नाही. तरीही स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेविषयी आज मूलनिवासी समाजांत जे लिहिले आणि बोलले जाते, त्याचा पाया तेथे सापडतो. त्यातील दोन विचार विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, दुसऱ्याच्या चालीरीतींची यादी पाठ केल्याने परिचारिका सुरक्षित होत नाही. तिने प्रथम स्वतःकडे पाहावयाचे. आपण कोणत्या समाजातून आलो, त्या समाजाने समोरच्याच्या समाजाशी कसा व्यवहार केला आणि या खोलीत सत्ता कोणाच्या हाती आहे, हे ओळखावयाचे. दुसरा असा की, सेवा सुरक्षित झाली की नाही हे सेवा देणाऱ्याने ठरवावयाचे नाही; ते सेवा घेणाऱ्याने सांगावयाचे. 'संवेदनशीलता' असा सौम्य शब्द त्यांना पुरला नाही, यातही अर्थ आहे. संवेदनशीलता हा सेवकाचा गुण झाला. तो असला तर उत्तम, नसला तरी काम चालते. सुरक्षिततेचे तसे नाही. सुई निर्जंतुक आहे की नाही, हा परिचारिकेच्या मर्जीचा प्रश्न नसतो.

प्रबंधाची बाजू घेताना एक अडचण मात्र नजरेआड करता येत नाही. सेवा घेणाऱ्याने सांगावयाचे हे खरे, परंतु ज्याची वाचाच आजाराने हिरावून घेतली आहे त्याने कसे सांगावयाचे? स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आपली तक्रार लिहून देऊ शकत नाही. तो अन्न नाकारतो, हात झटकतो, रात्री उठून दाराशी जातो, आणि आपण त्याला 'त्रास देणारा' म्हणतो. रॅम्सडेन यांच्या कसोटीचा येथे विस्तार करावा लागतो. त्याचे वागणे हीच त्याची भाषा समजावी लागते, आणि ती वाचण्यासाठी त्याचे पूर्वायुष्य जाणणारी माणसे, म्हणजे त्याचे कुटुंब आणि त्याचा समाज, शुश्रूषेच्या आत घ्यावी लागतात.

हे पूर्वायुष्य वाचू लागले म्हणजे आपल्या ख्रिस्तसभेचाही इतिहास समोर येतो. मराठीत आपण वार्धक्याला 'दुसरे बालपण' म्हणतो आणि त्या शब्दांत एक गोडवा आहे. कॅनडात ओंटॅरिओमधील मॅनिटूलिन बेटावरील अनिशिनाबे लोकांमध्ये क्रिस्टन जॅकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले, तेव्हा तेथील वडीलधाऱ्यांकडूनही असाच विचार ऐकावयास मिळाला. जीवन हे वर्तुळ आहे. म्हातारा माणूस पुन्हा बाल्याकडे, आणि म्हणून निर्मात्याच्या जवळ जातो. तो दिवंगत आप्तांशी बोलला तर त्याला लगेच भ्रम म्हणू नये. याच बेटावरील संशोधनातून 'किका'चे कॅनडातील मूलनिवासींसाठी रूपांतर झाले, हेही येथे नमूद करावयास हवे. न्यूझीलंडमध्ये मार्गारेट डडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माओरी वडीलधाऱ्यांना हाच विषय विचारला. त्यावरील २०१९ सालच्या लेखात 'माटे वारेवारे' हा माओरी शब्द पुढे आला. त्याचा अर्थ विसरण्याचा आजार. त्या शब्दात कुचेष्टा नाही. आपल्या 'म्हातारचळा'शेजारी तो ठेवून पाहावा.

परंतु दुसरे बालपण गोड व्हावयाचे तर पहिले बालपण गोड असावे लागते. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना आईबापांपासून दूर निवासी शाळांत ठेवण्यात आले. सरकारने चालविलेल्या या व्यवस्थेतील शाळांचा कारभार दीर्घकाळ ख्रिस्ती मंडळ्यांकडे होता आणि त्यांतील मोठा वाटा कॅथलिक संघांचा होता. मुलांचे केस कापले गेले, त्यांना क्रमांक दिले गेले, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. अनेकांवर अत्याचार झाले, आणि हजारो मुले घरी परतलीच नाहीत. तेथील सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली हे सारे नोंदवून ९४ कृतींचे आवाहन केले. ऑस्ट्रेलियातही मुले हिरावून नेण्यात आली. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' या अहवालात त्यांच्या कहाण्या आहेत. किम्बर्लीतील बीगल बे येथे १८९० साली ट्रॅपिस्ट संन्याशांनी मिशन उभारले आणि १९०१ पासून ते पॅलोटाइन संघाने चालविले. तेथील शिंपल्यांच्या मोत्यासारख्या झळाळीने सजविलेल्या वेदीचे सौंदर्य आजही लोक पाहावयास जातात. त्याच मिशनमध्ये घरापासून तोडून आणलेल्या मुलांची वसतिगृहेही होती. आपण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

स्मृतिभ्रंशात जवळच्या काळातील आठवणी आधी पुसल्या जातात आणि बालपणीच्या दीर्घकाळ टिकतात. या शाळांतून गेलेला माणूस म्हातारपणी शुश्रूषागृहात येतो तेव्हा काय होत असेल, याची कल्पना करावी. लांब व्हरांडे, ओळीने मांडलेल्या खाटा, घंटेसरशी जेवण, ठरल्या वेळी दिवे बंद, अनोळखी हातांनी घातलेली आंघोळ, आणि कानांवर फक्त इंग्रजी. आपल्या दृष्टीने ही शिस्तशीर सेवा असते. त्याच्या दृष्टीने तो पुन्हा त्याच वसतिगृहात असतो, आणि या वेळी आपण येथून एक दिवस सुटणार आहोत हे समजण्याची शक्तीही त्याच्याजवळ उरलेली नसते. न्यू साउथ वेल्समधील साठ वर्षांवरील ॲबोरिजिनल व्यक्तींच्या पाहणीत बालपणीचा आघात आणि उतारवयातील स्मृतिभ्रंश यांचा परस्परसंबंध आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. एकातूनच दुसरे निघते असे त्यावरून म्हणता येत नाही. पण ज्याला बालपणी जखम झाली त्यालाच म्हातारपणी हा आजार गाठण्याचा संभव अधिक, हे सत्य आपल्याला अस्वस्थ करणारे आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी कॅनडातील मास्कवासिस येथे या समाजांसमोर उभे राहून क्षमा मागितली. ते आवश्यक होते. परंतु ज्याला कालचे आठवत नाही आणि सत्तर वर्षांपूर्वीचे मात्र आज घडत असल्यासारखे भासते, अशा वृद्धापर्यंत ती क्षमायाचना शब्दांनी कशी पोहोचणार? ती त्याला आंघोळ घालणाऱ्या हातांनीच पोहोचवावी लागेल. त्याच्या भाषेतला एखादा शब्द, त्याच्या ओळखीचे अन्न, त्याच्या नातवंडांना वेळेचे बंधन न घालता दिलेला प्रवेश, दार उघडे ठेवण्याची मुभा, त्याच्या भूमीचे दर्शन. भिंतीवरचा क्रूस एका वृद्धाला मोठा आधार देईल, कारण मूलनिवासींमध्ये श्रद्धाळू कॅथलिक पुष्कळ आहेत. तोच क्रूस दुसऱ्याला घाबरवील. कोणाला काय वाटेल याची यादी करता येत नाही. विचारावे लागते, पाहावे लागते, आणि उत्तर आपल्याला न आवडणारे आले तरी मानावे लागते. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात शास्त्र्याने माझा शेजारी कोण असे विचारले होते; प्रभूने प्रश्न फिरविला आणि लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी कोण ठरला, असे विचारले. तेथेही निवाडा रस्त्यात पडलेल्या माणसाच्या बाजूने होतो.

या दिशेने पुढचे पाऊल पडले आहे. पर्थ आणि मेलबर्न येथील ॲबोरिजिनल वडीलधाऱ्यांबरोबर काम करून केट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'गुड स्पिरिट, गुड लाइफ' नावाची नवी विचारणा घडविली. तिच्यात बारा घटक आहेत. वृद्धाला काय आठवत नाही, हा तिचा विषयच नाही. कुटुंब, समाज, भूमी, संस्कृती, आध्यात्मिकता, वडीलधारा म्हणून मिळणारा मान, सुरक्षितता अशा गोष्टींबाबत त्याचे जीवन कसे चालले आहे, हे ती विचारते. १९७५ च्या प्रश्नावलीपासून येथवरचा प्रवास पाहिला म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा सूर कसा पालटला, हे सहज लक्षात येते. निदानासाठी पहिल्या प्रकारचे प्रश्न लागतातच. त्यांची जागा दुसरे घेऊ शकत नाहीत. परंतु निदान होताच जे घर विचारणे थांबविते, तेथे रुग्णाचा केवळ सांभाळ होतो.

आपल्या धर्मग्रामांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपण किम्बर्लीचे मूलनिवासी नाही आणि त्यांचे दुःख आपले म्हणून मिरविणे योग्य होणार नाही. पण आपल्या जिल्ह्यातच वारली आणि कातकरी बांधव आहेत, आणि शहरी रुग्णालयाच्या खिडकीशी त्यांच्या म्हाताऱ्यांना कोणत्या भाषेत प्रश्न विचारले जातात, हे आपण जाणतो. आपल्या घरांतील वृद्धही सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोलीत वाढले आहेत. ज्या आजोबांना आजची तारीख सांगता येत नाही, त्यांना आगमनकाळ सुरू झाला की नाही हे कदाचित ठाऊक असते, पानवेलीला पाणी केव्हा द्यावे हे ठाऊक असते. तेही आठवेनासे झाले असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे. तपासणीच्या वेळी घरातील एकाने सोबत बसावे, प्रश्न बोलीत समजावून द्यावा, उत्तर मात्र आपण पुरवू नये. आजोबा किती शिकले, कोणते काम करीत आले, हे आरंभीच सांगावे. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन घरोघरी जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी आणि प्रसादसेवकांनी ग्रांथिक मराठीचा आग्रह तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा. जी प्रार्थना त्या आजीने आपल्या आईच्या मांडीवर ऐकली, तीच तिच्या ओठांवर शेवटपर्यंत राहण्याचा संभव अधिक आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात स्मरणशक्तीचे विस्तृत चिंतन केले आहे. ते वाचताना माणूस म्हणजे त्याचे स्मरण, असे वाटू लागते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण या विचाराला मोठे आव्हान देतो. त्याचे स्मरण गेले तरी तो माणूस राहतोच, आणि त्याच्या वतीने आठवण ठेवण्याचे काम इतरांवर येते. येथे परीक्षिलेल्या तीन लिखाणांपैकी पहिले अचूक आहे पण आपल्यापुरते; दुसरे समोरच्याच्या दारापर्यंत जाते; तिसरे दारात उभ्या असलेल्यालाच विचारते की तू कोण आहेस आणि येथे कशासाठी आलास. हा तिसरा प्रश्न आपल्या शुश्रूषागृहांनी, आपल्या सेवासंघांनी आणि आपल्या कुटुंबांनी स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर तपासण्याचा अधिकार मात्र खाटेवरच्या माणसाकडे राहू द्यावा.